समांतर जोडणीत व्होल्टेज सारखं का असतं, आणि मीटर कधीकधी वेगळं का दाखवतो

समांतर जोडणीत प्रत्येक रेझिस्टरवर व्होल्टेज सारखंच असतं, हे वाक्य शाळेपासून पाठ असतं. तरीही आयटीआयच्या टेबलाशी बसलेला मुलगा 'मोठ्या रेझिस्टरवर जास्त व्होल्टेज पडणार' असं म्हणतोच, आणि वायरिंगची कामं करणारा माणूसही टेस्टर पेटला की 'व्होल्टेज आहे' म्हणून मोकळा होतो. दोघांची चूक एकच. व्होल्टेज ही एखाद्या वस्तूची किंवा एखाद्या बिंदूची मालमत्ता आहे असं दोघांनी धरलेलं असतं. व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमधलं असतं. हे एकदा हाताला समजलं की समांतर जोडणीचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही, आणि तो मोडल्यासारखा दिसला तर दोष कुठे शोधायचा हेही कळतं.

नियमाच्या मुळाशी

तीन रेझिस्टर घ्या. प्रत्येकाचं एक टोक वरच्या तारेला आणि दुसरं खालच्या तारेला जोडा. वरची तार तांब्याची आणि वीतभर लांबीची असेल, तर तिचा रोध इतका कमी असतो की विजेच्या हिशेबात ती सगळी तार म्हणजे एकच बिंदू. खालच्या तारेचंही तसंच. म्हणजे तिन्ही रेझिस्टर त्याच दोन बिंदूंना टेकलेले आहेत. त्या दोन बिंदूंमध्ये १२ व्होल्ट असतील तर तिघांवरही १२ व्होल्टच असणार. रेझिस्टर एक किलोओहमचा आहे की एक मेगाओहमचा, याचा इथे संबंधच येत नाही.

सोलापुरात माग डोळ्यांखालून गेला नाही असा माणूस विरळा. ताण्याचे सगळे धागे मागच्या बीमपासून पुढच्या रोलपर्यंत जातात. धागा जाड असो की बारीक, दोन टोकांमधलं अंतर सगळ्यांना तेच. रेझिस्टरच्या बाबतीत जाडी-बारकाईचा परिणाम होतो तो करंटवर: रोध कमी तर करंट जास्त, रोध जास्त तर करंट कमी.

ज्यांना पुरावा हवा त्यांच्यासाठी किरचॉफचा १८४५ सालचा नियम आहे. बंद मार्गाने फिरून मूळ जागी आलात की व्होल्टेजच्या चढउतारांची बेरीज शून्य. पहिल्या रेझिस्टरमधून खाली उतरा, दुसऱ्यातून वर चढा. वाटेत बॅटरी नाही. मग उतार आणि चढ सारखेच असायला हवेत.

पुस्तकात यालाच विभवांतर, विद्युतधारा, परिणामी रोध असे शब्द येतात. दुकानात आणि कामावर व्होल्टेज, करंट, रेझिस्टर हेच चालतात, म्हणून पुढे तेच वापरले आहेत.

सामान

१२ व्होल्ट १ अँपिअरचा एसएमपीएस अडॅप्टर घ्या. वाय-फाय राउटर किंवा सीसीटीव्ही कॅमेऱ्यासोबत येतो तो हलका प्रकार. जुना, हाताला जड लागणारा ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर टाळा. त्यावर १२ लिहिलेलं असलं तरी लोड नसताना तो १५ ते १७ व्होल्ट देतो, लोड टाकला की उतरतो, आणि पहिल्याच मापात गोंधळ होतो.

रेझिस्टर तीन: १ किलोओहम (तपकिरी, काळा, लाल), २.२ किलोओहम (लाल, लाल, लाल) आणि ४.७ किलोओहम (पिवळा, जांभळा, लाल). चौथा पट्टा सोनेरी असेल तर किंमत पाच टक्के वरखाली असू शकते. पाव वॅटचे चालतात, पण ते का चालतात हे तपासून घ्यायची सवय लावा. रेझिस्टरमधली उष्णता म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. १२ चा वर्ग १४४. एक किलोओहमला ०.१४४ वॅट, म्हणजे पाव वॅटच्या आत. १२ व्होल्टवर पाव वॅटच्या रेझिस्टरसाठी ५७६ ओहम ही शेवटची मर्यादा. कुणी १ किलोऐवजी २२० ओहम लावला तर त्यात ०.६५ वॅट जाईल. आधी वास येईल, मग रंगाचे पट्टे काळे पडतील. साध्या कार्बन फिल्म रेझिस्टरची वॅटेज भोवतालच्या ७० अंश सेल्सिअसपर्यंत धरलेली असते, त्यामुळे मे महिन्यातल्या सोलापुरी खोलीतही हे गणित बदलत नाही.

याखेरीज ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची भोकांची पाटी), सातआठ जंपर वायरी (भोकांत खोचायचे छोटे तुकडे) आणि डिजिटल मल्टिमीटर. स्वस्तातला पिवळा मीटर या कामाला पुरतो. २३० व्होल्टच्या घरगुती लाइनवर मात्र तो वापरू नका. त्याच्या वायरींचं इन्सुलेशन आणि आतलं संरक्षण त्यासाठी भरवशाचं नसतं.

जोडणी

१. अडॅप्टर सॉकेटमधून काढलेला असू द्या. आधी प्रत्येक रेझिस्टर एकटा मोजा. १ किलोचा २००० ओहमच्या रेंजवर, बाकीचे २० किलोच्या रेंजवर. ९८५, २.१७, ४.७४ असे काहीतरी आकडे येतील. ते लिहून ठेवा, पुढे लागतात. मोजताना दोन्ही हातांची बोटं दोन्ही टोकांना लावू नका, तुमचं शरीरही एक समांतर रेझिस्टर होतं. किलोओहमला फरक दिसणार नाही, मेगाओहमला चांगलाच दिसेल.

२. ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेच्या वर पाच आणि खाली पाच भोकांची उभी रांग असते. वरची पाच आतून एकमेकांना जोडलेली, खालची पाच वेगळी. रेझिस्टर खाचेवर आडवा टाका: एक पाय वरच्या पाचात, दुसरा खालच्या पाचात. दोन्ही पाय एकाच पाचात गेले तर रेझिस्टर शॉर्ट झाला, म्हणजे असून नसल्यासारखा.

३. बोर्डाच्या कडेला लाल आणि निळ्या रेघेच्या लांब पट्ट्या असतात, सप्लाय त्यांना जोडायचा असतो. प्रत्येक रेझिस्टरच्या वरच्या रांगेतून एक जंपर लाल पट्टीला, खालच्या रांगेतून एक जंपर निळ्या पट्टीला. तीन रेझिस्टर, सहा जंपर.

४. अडॅप्टर जोडण्याआधी मीटर ओहमवर ठेवून लाल आणि निळ्या पट्टीमधला रोध बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नेमकी हीच सगळ्यात जास्त वेळ वाचवते. तिन्ही नीट बसले असतील तर सुमारे ६०० ओहम दिसतील. ६८७ दिसले तर ४.७ किलोचा जोडला गेलेला नाही. ८२५ दिसले तर २.२ किलोचा. १५०० च्या आसपास असेल तर १ किलोचा. शून्याजवळ असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, अडॅप्टर लावूच नका. ७.९ किलो दिसले तर तिघेही एकामागोमाग एक, म्हणजे एकसर जोडले गेलेत.

५. अडॅप्टर जोडा: पॉझिटिव्ह लाल पट्टीला, निगेटिव्ह निळ्या पट्टीला. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी वायर 'कॉम'मध्ये, लाल वायर व्होल्ट-ओहमच्या भोकात. आधी पट्ट्यांवर मोजा. मग प्रत्येक रेझिस्टरच्या पायांवर प्रोब टेकवून मोजा. पट्टीवर पुन्हा मोजून 'झालं' म्हणू नका. पट्टी आणि पाय यांच्यामध्ये जंपर आहे, दोन कॉन्टॅक्ट आहेत, आणि घोळ असतो तो तिथेच.

पट्टीवर १२.०८ आले तर तिन्ही पायांवर १२.०८ किंवा १२.०७ यायला हवेत. २० व्होल्टच्या रेंजवर शेवटचा आकडा म्हणजे १० मिलिव्होल्ट, तेवढा फरक मीटरचाच असू शकतो. रेझिस्टरच्या पाच टक्क्यांच्या फरकाचा इथे मागमूसही दिसत नाही, हे ध्यानात घ्या. तो करंटमध्ये दिसेल.

६. आता ४.७ किलोचा उपटून काढा. उरलेल्या दोघांवर मोजा. व्होल्टेज तेच. २.२ किलोचाही काढा, तरी तेच. घरात पंखा बंद केला म्हणून ट्यूबचं व्होल्टेज बदलत नाही, ते याच कारणाने.

करंट मोजताना

गणितासाठी १२ व्होल्ट धरू. १ किलोमधून १२ मिलिअँपिअर, २.२ किलोमधून ५.४५, ४.७ किलोमधून २.५५. बेरीज २०. बारा व्होल्ट भागिले २० मिलिअँपिअर म्हणजे ६०० ओहम, जो चौथ्या पायरीत मीटरवर आधीच दिसला होता. परिणामी रोध नेहमी सगळ्यात लहान रेझिस्टरपेक्षाही कमी येतो. जास्त आला तर गणित चुकलंय. बऱ्याचदा उलटं करायचं राहिलेलं असतं: रोधांच्या व्यस्तांची बेरीज केली, पण उत्तर परत उलटं केलं नाही. परीक्षेत गुण जातात ते बहुतेक इथेच.

प्रत्यक्ष मोजताना ज्या शाखेचा करंट हवा तिचा एकच जंपर काढा आणि त्या जागी मीटर घाला. एकूण करंट हवा असेल तर अडॅप्टर आणि लाल पट्टी यांच्या मध्ये मीटर घाला. इथे २० मिलिअँपिअरची रेंज लावलीत तर मीटर १९.९९ च्या पुढे जात नाही, डावीकडे नुसता १ दाखवतो. २०० ची रेंज लावा.

सगळ्यात महागात पडणारी चूक करंट मोजून झाल्यावर होते. चकती करंटवरच राहते आणि माणूस व्होल्टेज मोजायला प्रोब थेट पट्ट्यांवर टेकवतो. करंटच्या रेंजवर मीटरचा आतला रोध एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. म्हणजे तुम्ही ६०० ओहमच्या बाजूला एक ओहमची नवी शाखा जोडलीत. फ्यूज जातो. १० अँपिअरच्या भोकाला तर बऱ्याच स्वस्त मीटरमध्ये फ्यूजच नसतो.

व्होल्टेजच्या रेंजवरचा मीटरही समांतर शाखाच आहे, पण मोठ्या रोधाची. त्या पिवळ्या मीटरचा साधारण १ मेगाओहम, चांगल्या मीटरचा १०. किलोओहमच्या सर्किटला तो कळतही नाही.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

*एकावर १.५२, दुसऱ्यावर ३.३४, तिसऱ्यावर ७.१४.* बेरीज करून बघा: १२. व्होल्टेज वाटलं गेलंय, म्हणजे जोडणी एकसर झालीय. आकडे रोधाच्या प्रमाणात असतील तर शंकाच नको.

*दोनांवर १२, तिसऱ्यावर शून्य.* लांब ब्रेडबोर्डवर बऱ्याचदा लाल-निळी पट्टी मध्यावर तुटलेली असते. वरची छापील रेघ तिथे खंडित दिसते, पण लक्षात येत नाही. तिसरा रेझिस्टर तुटलेल्या अर्ध्या भागावर आहे. मध्ये जंपर टाका.

*एकावर ११.३, बाकी १२.* त्या शाखेत ०.७ व्होल्ट कुठेतरी अडकलेत. काळा प्रोब निळ्या पट्टीवर आणि लाल प्रोब रेझिस्टरच्या खालच्या पायावर ठेवा. तिथे ०.७ आले तर खालचा जंपर सैल. शून्य आलं तर वरचा बघा. हीच रीत पुढे घरातल्या वायरिंगला लागू पडते: तार किंवा जॉइंट चांगला असेल तर त्याच्या दोन टोकांमध्ये जवळपास शून्य व्होल्ट असायला हवेत. तिथे काही व्होल्ट दिसले, तर ती तार राहिली नाही, तो रेझिस्टर झाला.

*तिन्हींवर १२, पण एक रेझिस्टर काळा पडलाय.* जळून आतून तुटलेल्या रेझिस्टरवरही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. दोन बिंदू जागेवरच आहेत, मध्ये रस्ता असो नसो. समांतर जोडणीत व्होल्टेज बरोबर आलं म्हणून रेझिस्टर चांगला ठरत नाही. त्याचा करंट मोजा, किंवा सप्लाय काढून त्याचा एक पाय मोकळा करून ओहम मोजा. पाय मोकळा न करता मोजलंत तर शेजाऱ्यांचा रोधही मिसळून येईल.

सगळ्यांवर सारखं, पण कमी

अडॅप्टरऐवजी ९ व्होल्टची साधी चौकोनी बॅटरी लावली की वेगळाच प्रकार दिसतो. लोड नसताना ९.०० व्होल्ट. तिन्ही रेझिस्टर लावले की समजा ८.५७. आणखी एक १०० ओहमचा (एक वॅटचा घ्या, पाव वॅटचा तापेल) समांतर जोडला की ६.६७. चौघांवरही ६.६७च, तंतोतंत सारखे.

नियम शाबूत आहे. उतरलंय ते दोन बिंदूंमधलंच व्होल्टेज, कारण बॅटरीच्या आत स्वतःचा रोध आहे आणि तो सगळ्यांच्या एकत्र करंटला एकसर आहे. किती आहे ते काढता येतं. ९ वजा ८.५७ म्हणजे ०.४३ व्होल्ट, करंट ८.५७ भागिले ६००, म्हणजे १४.३ मिलिअँपिअर, भागाकार सुमारे ३० ओहम. स्वस्त झिंक-कार्बन बॅटरीला एवढा रोध असणं नवल नाही. अल्कलाइनला बराच कमी.

मागांच्या शेडमध्ये मोटर सुरू होताना ट्यूब क्षणभर मंद होतात, मोहोळकडच्या शिवारात एका डीपीवरचे (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचे) पंप एकदम चालू झाले की घरातला बल्ब पिवळा पडतो, त्यामागे हेच आहे. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. तो करंट डीपीपासून तुमच्यापर्यंतच्या सामाईक तारेतून जातो आणि त्या तारेत व्होल्टेज खर्ची पडतं. त्या तारेच्या पुढे जे जे समांतर आहेत, ते सगळे एकत्रच खाली येतात. फक्त एकाच खोलीत मंद होत असेल तर दोष डीपीचा नाही, त्या खोलीच्या वायरीचा किंवा जॉइंटचा आहे. एवढा फरक ओळखला तरी अर्धी धावपळ वाचते.

गड्ड्यावरचे स्टॉल: कागदावर समांतर, जागेवर शिडी

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रा, भरतो. स्टॉलच्या रांगेला एकच वायर ओढून जागोजागी फाटा काढतात, अशी सोय कुठल्याही जत्रेत दिसते. कागदावर सगळे स्टॉल समांतर. हिशेब करून बघू.

१ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. तिचा रोध किलोमीटरला सुमारे १८ ओहम. तीन स्टॉल २०, ४० आणि ६० मीटरवर, प्रत्येकाचा लोड २ अँपिअर. जाणारी आणि येणारी अशा दोन तारा असतात हे विसरायचं नाही, म्हणून २० मीटरच्या प्रत्येक टप्प्याचा रोध ४० मीटर तारेचा, ०.७२ ओहम.

पहिल्या टप्प्यातून तिघांचा मिळून ६ अँपिअर जातो: ४.३ व्होल्ट कमी. दुसऱ्यातून ४ अँपिअर: आणखी २.९. तिसऱ्यातून २ अँपिअर: आणखी १.४. सुरुवातीला २३० असतील तर पहिल्या स्टॉलला २२५.७, दुसऱ्याला २२२.८, तिसऱ्याला २२१.४ व्होल्ट. शेवटच्या स्टॉलवाल्याची तक्रार खरीच असते.

यात सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या टप्प्यात आहे, कारण सगळ्यांचा करंट तिथूनच जातो. म्हणून पूर्ण वायर बदलायला पैसे नसतील तर आधी पहिला टप्पा जाड करा. तिथे २.५ चौरस मिलिमीटरची वायर (किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम) टाकली की ४.३ चे १.८ व्होल्ट होतात. दुसरा उपाय, सप्लाय रांगेच्या मध्यात आणून दोन्ही बाजूंना फाटे काढणं. मग कुठल्याच टप्प्यावर सगळ्यांचा भार एकत्र येत नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. वरचे आकडे २० अंशांचे आहेत, उन्हाळ्यात ४५ अंशांवर त्यांत दहा टक्क्यांची भर धरा.

फाट्याचे जॉइंट नुसते पिळून टेप मारलेले असतील तर वायरीपेक्षा तेच वाईट. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. त्याच्या वाटेतल्या एका सैल जॉइंटवर ४ व्होल्ट पडत असतील तर तिथे जवळपास ३५ वॅट उष्णता तयार होते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळतं, हे लक्षात घेतलं की स्विचबोर्डाचं प्लॅस्टिक का पिवळं पडतं ते सांगावं लागत नाही. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, इथे काही करत नाही. करंट वाढलेलाच नसतो.

न्यूट्रल तुटला की

इथून पुढचं मोजमाप परवानाधारक वायरमनचं काम आहे. समजून मात्र प्रत्येकाने घ्यावं.

सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि उपकरण चालत नाही, ही तक्रार नेहमीची. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, कुठेतरी तुटलेला असतो. फेज चालू उपकरणातून पलीकडे न्यूट्रलच्या तारेवर येऊन थांबतो. दोन्ही बिंदू फेजच्याच पातळीवर, म्हणून त्यांच्यामधला फरक शून्य. टेस्टर एकाच बिंदूची खबर देतो. दोन बिंदूंमधलं काय ते त्याला ठाऊक नसतं. डिजिटल मीटरही कधी फसवतो: तुटून लोंबकळणाऱ्या तारेवर ६०-७० व्होल्ट दाखवतो, कारण शेजारच्या फेजच्या तारेकडून आलेल्या नगण्य करंटलाही त्याचा मोठा आतला रोध पुरतो. वायरमन लोक तिथे साधा बल्ब समांतर लावून बघतात. खोटं व्होल्टेज असेल तर बल्ब लावताच कोसळतं.

तीन फेजच्या कनेक्शनमध्ये सामाईक न्यूट्रल तुटला तर गोष्ट गंभीर होते. समजा एका फेजवर १०० वॅटचा बल्ब आहे आणि दुसऱ्या फेजवर १००० वॅटची इस्त्री. न्यूट्रल शाबूत असताना दोघांना २३० व्होल्ट. न्यूट्रल गेला की ते दोघे दोन फेजमधल्या ४०० व्होल्टवर एकसर होतात. बल्बचा रोध ५२९ ओहम, इस्त्रीचा ५३. ब्रेडबोर्डवरचा एकसर जोडणीचा हिशेब जसाच्या तसा लावा: बल्बवर सुमारे ३६४ व्होल्ट, इस्त्रीवर ३६. कमी वॅटचं उपकरण जळतं, जास्त वॅटचं गार राहतं. एकाच घरात काही दिवे डोळे दिपवणारे आणि काही मिणमिणते दिसले, तर कारण शोधत बसू नका. मेन स्विच बंद करा, मग वायरमनला बोलवा. एमसीबी हेही ओळखत नाही.

दोन उगम समांतर जोडायचे असतील तर

रेझिस्टर कितीही समांतर जोडा, तक्रार करत नाहीत. बॅटरी करते. दोन बॅटरी समांतर म्हणजे दोघींनाही त्याच दोन बिंदूंवर एकच व्होल्टेज ठेवायचं आहे. एक १२.७ ची आणि दुसरी १२.१ ची असेल तर पहिली दुसरीला करंट ढकलू लागते. दोघींचा आतला रोध आणि केबल मिळून ०.०३ ओहम धरला तर ०.६ भागिले ०.०३, म्हणजे २० अँपिअर, तेही कुठलाच लोड नसताना. म्हणून इन्व्हर्टरला जुनी आणि नवी बॅटरी समांतर लावू नये. एकाच वयाच्या आणि एकाच क्षमतेच्या घ्या, दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा, दोघींचं व्होल्टेज मोजून जुळवा आणि मगच जोडा.

हाच नियम फार मोठ्या मापावर सोलापूरने पाहिला आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीवरून दक्षिणेचं ग्रिड देशाच्या उरलेल्या ग्रिडशी एकसंध झालं. एसी असल्यामुळे अशा वेळी दोन्हीकडच्या व्होल्टेजसोबत फ्रिक्वेन्सी आणि फेजही जुळवावे लागतात, तेव्हाच ब्रेकर लावता येतो.

बॅटरीकडे परत येऊ. दोन बॅटरी समांतर जोडल्यावर इन्व्हर्टरच्या दोन्ही केबल एकाच बॅटरीच्या टर्मिनलवर लावल्या तर ती जास्त करंट देते आणि लवकर थकते, कारण दुसरीच्या वाटेत जोडकेबलचा रोध जास्तीचा पडतो. पॉझिटिव्ह केबल पहिल्या बॅटरीवरून घ्या आणि निगेटिव्ह दुसऱ्या बॅटरीवरून. जोडकेबल दोन्ही सारख्या लांबीच्या आणि सारख्या जाडीच्या ठेवा, टर्मिनलचे नट घट्ट करा, आणि लोड चालू असताना प्रत्येक बॅटरीच्या खांबांवर मीटर लावा. दोन्हीकडे आकडा एकच यायला हवा. नाही आला तर जोडकेबलच्या दोन टोकांमध्ये मोजा.